संशय आणि पुनरुत्थान

नाशिक जिल्ह्यातील हरसूलच्या डोंगरउतारावर उन्हाळ्यात राब भाजतात आणि पावसाळा लागताच त्याच राखेतून नागलीची रोपे वर येतात. संत पौलाने मृतांच्या पुनरुत्थानाला पेरलेल्या बीजाचीच उपमा दिली. परंतु बीज रुजणे हा निसर्गक्रम होय. क्रूसावर मेलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला, हे विधान त्या क्रमालाच छेद देते. सुशिक्षित मन येथे अडखळते. मात्र हा संशय केवळ आधुनिकांचा नव्हे. व्रण पाहिल्यावाचून विश्वास ठेवण्यास थोमाने नकार दिला, ही हकिगत योहानाच्या शुभवर्तमानाने लपविलेली नाही.

याच जिल्ह्यातील लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण बोलके आहे. पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, स्वतः विचार करून. १९१९ साली टिळक निवर्तले. त्यांच्या अपुऱ्या ‘ख्रिस्तायना’त लक्ष्मीबाईंनी ६४ अध्यायांची भर घातली. मृत्यूने थांबविलेले काव्य पुढे नेणे हा पुनरुत्थानाचा पुरावा नव्हे. त्या श्रद्धेने माणसास काय बळ दिले, याची ती साक्ष होय. थोमाला बाहेर न घालविणारी श्रद्धाच संशयी जगाशी ताठ मानेने बोलू शकेल.