लक्ष्यवेधी पिस्तूल (रिमफायर)

कागदी लक्ष्यावर हौसेने अथवा सरावासाठी झाडावयाचे, ०·२२ इंच (सु. ५·६ मिमी.) व्यासाची काडतुसे वापरणारे पिस्तूल. या काडतुसात प्रस्फोटक द्रव्य पितळी कोशाच्या तळाच्या कडेत भरलेले असते. कील त्या कडेवर आघात करते, कड चेपते व दारू पेटते. कोशाचा पत्रा पातळ असल्याने दाब मर्यादित ठेवावा लागतो, तसेच वापरलेला कोश पुन्हा भरता येत नाही. परंतु काडतूस स्वस्त पडते आणि धक्का सौम्य बसतो. आज सर्वाधिक प्रचलित असलेले ‘लाँग रायफल’ काडतूस अमेरिकेतील स्टीव्हन्स कंपनीने १८८७ मध्ये प्रचारात आणले. त्याची गोळी सामान्यतः सु. २·६ ग्रॅ. वजनाची असते. ती लहान दिसली, तरी सु. दीड किमी. जाऊ शकते.

पिस्तूल निवडताना उत्पादकाच्या नावापेक्षा मूठ व चाप यांना अधिक महत्त्व द्यावे. मूठ हातात बसली, की मनगट न वळविता पुढील दर्शक मागील खाचेच्या मध्यभागी आपोआप आला पाहिजे. तो प्रत्येक वेळी शोधावा लागत असेल, तर ते पिस्तूल त्या हाताचे नव्हे. चाप एकसारख्या दाबाने व अडखळल्याविना सुटावा. फार हलका चाप नवशिक्यास धोक्याचा असतो. पंचवीस मीटर स्पर्धेच्या नियमांनुसार तो किमान १,००० ग्रॅ. भार पेलणारा, नळी कमाल १५३ मिमी. लांब व शस्त्राचे वजन कमाल १,४०० ग्रॅ. असावे लागते. हौशी नेमबाजानेही याच मर्यादा पाळणे सोयीचे. मागील दर्शक वरखाली व आडवा सरकविता येणारा असावा. रिव्हॉल्व्हर समजण्यास सोपे असते. तथापि अचूक सरावाकरिता स्वयंभरणी पिस्तूलच बहुतेक पसंत करतात. रूगर कंपनीचे १९४९ चे पिस्तूल व स्मिथ अँड वेसनचे १९५७ चे ‘मॉडेल ४१’ ही या वर्गातील गाजलेली उदाहरणे होत. सोव्हिएट संघात प्रसिद्ध झालेल्या अशा एका पिस्तुलाचा रचनाकार मिखाइल मार्गोलिन हा अंध होता. त्याने आकाराची पारख स्पर्शानेच केली.

एकाच पिस्तुलात निरनिराळ्या बनावटींची काडतुसे निरनिराळे परिणाम देतात. म्हणून दोनतीन प्रकार टेकू देऊन झाडून पाहावेत. ध्वनिवेगापेक्षा कमी वेगाची काडतुसे लक्ष्यवेधास सामान्यतः बरी. रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढण्याची सवय मात्र टाळावी. काडतूस नसताना कील कोष्ठाच्या काठावर आदळून तो चेपला जाण्याचा संभव असतो.

भारतात निवडीचा खरा प्रश्न कायद्यापाशी येतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या तेराव्या कलमात २०१९ च्या दुरुस्तीपर्यंत मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला लक्ष्यवेधासाठी केवळ ०·२२ रायफल अथवा हवाई रायफल यांच्या परवान्याबाबत स्वतंत्र तरतूद होती. पिस्तुलाचा उल्लेख तीत नव्हता. क्लबचा सभासद नसलेल्याला पिस्तुलासाठी ‘योग्य कारण’ पटवून द्यावे लागते. आर्वी येथील अर्जदाराला त्यासाठी वर्धा येथील जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे जावे लागते. २०१६ च्या नियमांनुसार शस्त्रहाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही आवश्यक ठरते. केवळ हौस हे कारण टिकेलच असे नाही. म्हणून क्लबच्या पिस्तुलावर सुरुवात करावी, हेच शहाणपणाचे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले, तोही रिमफायरचाच प्रकार होय.

क्लब जवळ नसलेल्यास ४·५ मिमी. हवाई पिस्तूल हा व्यवहार्य पर्याय ठरतो. नळीचा व्यास त्याहून अधिक नसलेल्या व वीस जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या हवाई शस्त्रास २०१६ च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. दहा मीटर अंतर व ५०० ग्रॅ. भाराचा चाप यांवर मूठ आणि दर्शक यांचा अभ्यास तितकाच कठोर होतो. लक्ष्यामागे छर्रा अडविणारी भक्कम पेटी हवी. विटेच्या भिंतीवरून छर्रा परत उसळतो.