ग्रंथांची कीर्द आहे, खतावणी कोठें आहे?

हिशेबाच्या दोन वह्या ज्यास ठाऊक नाहींत असा व्यापारी शहापुरास किंवा मुरबाडास शोधूनहि सांपडणार नाहीं. कीर्दींत रोजचा व्यवहार तारीखवार उतरतो. खतावणींत तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर पडतो. नुसत्या कीर्दीवर कोणी दुकान चालवूं म्हणेल, तर कोणाकडे किती येणें आहे हें धुंडाळतां धुंडाळतां त्याची दिवाळी उलटून जाईल. व्यापारांत जी गोष्ट आम्ही वेडेपणाची समजतों, तीच ज्ञानाच्या बाबतींत निमूटपणें चालूं देतों, हें आज वाचकांच्या नजरेस आणणें आम्हांस अवश्य वाटतें.

वाचनालयाचें दाखलपुस्तक ही ग्रंथांची कीर्द होय. कोणतें पुस्तक केव्हां आलें व किती किंमतीस आलें, एवढें तें सांगतें. परंतु कुळकायद्यावर, भातावरील रोगावर किंवा सर्पदंशावर येथें काय आहे, हें सांगावयास विषयवार सूचीच पाहिजे. पुष्कळ लहान वाचनालयांत कादंबरी, चरित्र, धार्मिक व 'इतर' एवढ्या चार खात्यांवर काम भागवितात. शेतकऱ्यास ज्याची गरज तें सर्व त्या 'इतर'च्या कपाटांत धूळ खात पडतें. ग्रंथ आहे, पण तो सांपडत नाहीं. मग तो नसल्यासारखाच नव्हे काय?

या शास्त्राचा पाया इतरत्र फार पूर्वीं घातला गेला आहे. १८७६ सालीं अमेरिकेंत मेल्व्हिल ड्यूई यांनीं सर्व ज्ञानाचे दहा वर्ग पाडून दशांश पद्धति प्रसिद्ध केली. त्याच वर्षीं चार्ल्स कटर यांनीं सूचीचे नियम घालून दिले. कटर यांचा मुख्य नियम असा कीं, ग्रंथ त्याच्या नेमक्या विषयाखालीं नोंदावा. नागलीवरील पुस्तक 'नागली' याच शीर्षकाखालीं दिसावें, 'शेती'च्या ढिगांत नव्हे. ग्रंथास फळीवर जागा एकच मिळते. सूचींत मात्र त्यास दोन-तीन शीर्षकें खुशाल देतां येतात.

तथापि खातीं पाडणाऱ्याची दृष्टि खात्यांत उतरतेच. ड्यूईंच्या योजनेंत धर्मवर्गाचे बहुतेक विभाग ख्रिस्ती धर्मास मिळाले, आणि हिंदु, बौद्ध, इस्लाम वगैरे जगांतील बाकीचे धर्म २९० या एका विभागांत कोंबले गेले. मराठी वाङ्मयास ८९१·४६ हा कोपरा आला. यावर नुसती तक्रार न करतां डॉ. शि. रा. रंगनाथन् यांनीं १९३३ सालीं आपली स्वतंत्र द्विबिंदु वर्गीकरणपद्धति जगापुढें ठेवली. शंकर गणेश दाते यांनीं १८०० पासून १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची दोन खंडांत रचली. स्वदेशी म्हणतात ती ही.

परंतु परक्यांस नांवें ठेवणाऱ्या आम्हीं आपलें घरहि पाहावें. या तालुक्यांत जिला नागली म्हणतात, तीस अन्यत्र नाचणी म्हणतात. दोन्ही नांवें एकमेकांस जोडल्यावांचून अर्धे ग्रंथ हातीं लागत नाहींत. कोणी कातकरी लिहितो, कोणी काथोडी, जमात एकच. 'ठाकूर' म्हणजे येथील आदिवासी जमात, आणि तेंच अन्यत्र आडनांव. शहापूर तर बेळगांवालगतहि आहे.

याहून गंभीर गोष्ट पुढेंच आहे. तानसा धरण शहापूर तालुक्यांत, १८९२ पासून त्याचें पाणी मुंबईस. आणि त्यावरील ग्रंथ नोंदावयाचा तो 'मुंबई – पाणीपुरवठा' एवढ्याच शीर्षकाखालीं! ज्यांच्या जमिनीवर पाणी उभें आहे, त्यांच्या मुलांनीं 'शहापूर' उघडावें तों पान कोरें. भाई कोतवाल हे वकील. २ जानेवारी १९४३ रोजीं मुरबाड तालुक्यांतील सिद्धगडावर त्यांस व हिराजी पाटील यांस हौतात्म्य आलें. त्यांचें चरित्र 'चरित्रें' या कपाटांत गेलें कीं 'मुरबाड – इतिहास' रिकामाच राहतो. ज्या गांवास सूचींत खातें नाहीं, त्या गांवास इतिहासच नाहीं असें तेथील मुलांनीं समजावें काय?

कोणी म्हणतील, आतां संगणक आहे, ही खटपट कशास? संगणकाच्या यादींत जें नांव घातलें तेंच निघतें. नागली म्हणजेच नाचणी, हें त्या यादीस प्रथम कोणा मनुष्यानेंच सांगावें लागतें.

वि. ल. भावे प्रभृतींनीं १८९३ सालीं ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय उभारलें, तें मराठी ग्रंथ एकत्र राखण्यासाठीं. त्याच जिल्ह्यांतील तालुक्यांनीं पुढचें पाऊल टाकावें. प्रत्येक वाचनालयानें एक खतावणी घालावी. नेमका विषय लिहावा, बोलीचें नांव ग्रंथांतील नांवास जोडावें, आणि ग्रंथ ज्या गांवाविषयीं आहे त्या गांवाचें खातें अवश्य उघडावें. शाळेंतील शिक्षक व पेढीवरील मुनीम यांनीं रविवारचे दोन तास दिले, तरी हें काम होण्यासारखें आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यान्वये सरकार अनुदान देतें. तें देतांना ग्रंथसंख्येइतकेंच या खतावणीसहि वजन असावें, अशी आमची सूचना आहे. ग्रंथ विकत घेण्यास पैका लागतो. घेतलेला ग्रंथ गरजूच्या हातीं पडावा, यास केवळ आस्था व शिस्त लागते. आणि तेवढ्याचें दारिद्र्य या दोन तालुक्यांस खास नाहीं.