काम मागितल्याची तारीख आणि बेरोजगार भत्ता



दिवाळी जवळ आली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांवर उचलीचे पैसे फिरू लागतात. भातकापणी आटोपली की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. तिकडे नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगाव भागातून ऊसतोडीसाठी गुजरातकडे गाड्या निघतात. सोबत मुलेही जातात आणि जूनमध्ये शाळेत नाव घातलेले पोर डिसेंबरात भट्टीवर विटा उलटताना दिसते. गावातच काम मिळाले असते तर यांतली कितीतरी घरे गेली नसती.

गावातले काम हा आपल्या राज्यात कायद्याने दिलेला हक्क आहे. १९७२ च्या दुष्काळात सुरू झालेली कामे पुढे महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात आली. २००५ मध्ये केंद्राचा कायदा झाला. या कायद्यात एक तरतूद आहे, जी पाड्यांवर फार थोड्यांना नीट माहीत आहे. काम मागून १५ दिवसांत मिळाले नाही, तर सरकारने बेरोजगार भत्ता द्यायचा. बैठकीत मी हे सांगते तेव्हा लोकांना वाटते, हा भत्ता शिकलेल्या बेकार मुलांसाठी असेल. तसे नाही. तो अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या ग्रामीण कुटुंबासाठीच आहे.

भत्ता कोणाला मिळतो?

कुटुंबाकडे जॉब कार्ड हवे. मागणारी व्यक्ती १८ वर्षे पूर्ण झालेली आणि अंगमेहनतीचे काम करायला तयार असलेली हवी. जॉब कार्ड फुकट मिळते. अर्ज केल्यापासून १५ दिवसांत ते द्यावे लागते. शिक्षणाची, जातीची, दारिद्र्यरेषेची अट नाही. मात्र कार्ड पेटीत ठेवून भत्ता मिळत नाही. काम लेखी मागावे लागते आणि ते सलग किमान १४ दिवसांसाठी मागावे लागते.

दिवस कधीपासून मोजायचे?

सगळे अडते ते इथेच. कामाची मागणी ‘नमुना ४’ वर करायची आणि तारीख घातलेली पोचपावती ‘नमुना ५’ वर घ्यायची. १५ दिवस अर्ज दिल्याच्या तारखेपासून मोजतात. पुढच्या तारखेचे काम आगाऊ मागितले असेल, तर त्या पुढच्या तारखेपासून मोजतात.

एक उदाहरण घेऊ. एका कुटुंबाने २० ऑक्टोबरला अर्ज दिला आणि कापणी संपेल म्हणून १० नोव्हेंबरपासून काम मागितले. मग २५ नोव्हेंबरपर्यंत काम मिळायला हवे. नाही मिळाले तर २६ नोव्हेंबरपासून भत्ता लागू होतो. हेच कुटुंब कापणी संपल्यावर, १० नोव्हेंबरला, तोंडी विचारून आले तर कायद्याच्या हिशेबात त्याने काहीच मागितलेले नाही. महिनाभर वाट पाहिली तरी एक दिवस मोजला जात नाही.

प्रभू येशूच्या दाखल्यातले मजूर चौकात उभे होते, म्हणून मळ्याच्या धन्याला दिसले. आजच्या मजुराला सरकारने पाहावे, तर त्याचे उभे राहणे कागदावर यावे लागते.

किती मिळतो?

२०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी महाराष्ट्रात या योजनेची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. आर्थिक वर्षातल्या भत्त्याच्या पहिल्या ३० दिवसांना मजुरीच्या किमान चौथा हिस्सा, म्हणजे त्या दराने रोज ७८ रुपये. त्यानंतरच्या दिवसांना किमान निम्मा, म्हणजे १५६ रुपये. रक्कम देय झाल्यापासून १५ दिवसांच्या आत ती द्यायची असते.

रक्कम मोठी नाही. पण हा भत्ता राज्य सरकारला स्वतःच्या तिजोरीतून द्यावा लागतो, म्हणून मागणीची नोंद तारखेसह झाली की काम काढण्याची निकड वाढते. आपल्याला हवे आहे ते कामच.

भत्ता कधी थांबतो?

काम दिल्याचे कळवले की थांबतो. ज्या मुदतीसाठी काम मागितले ती संपली आणि घरातले कोणीच कामावर आले नाही, तर थांबतो. २००५ च्या कायद्यात कुटुंबाला वर्षात १०० दिवस काम मिळाले की तो थांबत असे. मजुरी आणि भत्ता मिळून १०० दिवसांच्या मजुरीइतकी रक्कम झाली, तरी थांबत असे. २०२५-२६ च्या दराने ही रक्कम ३१,२०० रुपये होत असे. हिशेब कुटुंबाचा एकत्र होतो आणि १ एप्रिलला नव्याने सुरू होतो.

एक अट विशेष लक्षात ठेवायची. कामाची सूचना आल्यावर १५ दिवसांत हजर झाले नाही, काम नाकारले, किंवा परवानगीशिवाय सलग आठवड्याहून जास्त गैरहजर राहिले, तर तीन महिने भत्त्याचा हक्क जातो. काम मागण्याचा हक्क मात्र जात नाही. म्हणून अर्ज करून उचल घेऊन भट्टीवर जाऊ नये. सूचना जॉब कार्डावरच्या पत्त्यावर येते आणि ग्रामपंचायतीच्या फलकावरही लागते. तो फलक कोणीतरी दर आठवड्याला वाचला पाहिजे.

१०० दिवसांच्या पुढे काय?

हा प्रश्न मला हमखास विचारतात. वनहक्क कायद्याखाली पट्टा मिळालेल्या आणि त्याखेरीज दुसरी खासगी मालमत्ता नसलेल्या आदिवासी कुटुंबाला २००५ च्या कायद्याखाली ५० दिवस जादा, म्हणजे १५० दिवस काम मागता येत असे. दुष्काळ किंवा नैसर्गिक आपत्ती जाहीर झालेल्या भागातही ५० दिवस वाढवून मिळू शकत. शिवाय महाराष्ट्रात १०० दिवसांनंतरच्या कामाचा खर्च राज्य सरकार उचलते, त्यामुळे ‘तुमचे शंभर भरले, आता काम नाही’ हे उत्तर आपल्याकडे पुरेसे नाही. पण हे वाढीव दिवस कामाचे आहेत. केंद्राच्या २००५ च्या कायद्यातला भत्ता १०० दिवसांशीच बांधलेला होता. दोन्हींची गल्लत करून अर्ज केला की तो परत येतो.

पावती दिली नाही तर?

मी पाहिले आहे की अर्ज ठेवून घेतात आणि ‘काम निघाले की सांगू’ म्हणतात. मग काम निघते त्याच दिवसाची मागणी संगणकावर चढते. कागदोपत्री सगळ्यांना वेळेत काम मिळालेले असते आणि भत्त्याचा प्रश्नच उरत नाही. यावर उपाय आहेत. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात आणि एकीवर सही, शिक्का, तारीख घ्यावी. ग्रामपंचायतीत घेत नसतील तर अर्ज तहसीलदारांकडे द्यावा. आपल्या राज्यात तेच या योजनेचे तालुक्याचे कार्यक्रम अधिकारी आहेत. त्यांच्याकडे केलेली तक्रार सात दिवसांत निकाली काढायची असते. एकेकट्याने जाण्यापेक्षा पाड्यातल्या दहा-पंधरा कुटुंबांनी मिळून अर्ज द्यावा. इतक्या जणांचा अर्ज बाजूला सारणे कठीण जाते.

आणखी एक गोष्ट तपासावी. १ जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होते. जॉब कार्डावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नसेल तर ते आधीच दुरुस्त करून घ्यावे.

आपल्या बालवाडी शिक्षिका, वसतिगृहाचे अधीक्षक आणि मंडळीतील तरुणांना माझी विनंती आहे. कापणीच्या आधी आपापल्या पाड्यावर एक संध्याकाळ ठरवा. प्रत्येक घराचे जॉब कार्ड पाहा, यंदा किती दिवस भरले ते वहीत लिहा आणि कापणी संपण्याच्या तारखेपासूनचे काम नमुना ४ वर मागा. पावत्या आल्या की त्यांचे फोटो काढून ठेवा आणि पंधरावा दिवस कॅलेंडरवर खुणेने मांडा. हे सगळे मुकादम उचल घेऊन पाड्यावर येण्याआधी झाले पाहिजे. एकदा उचल हातात पडली की ते घर पावसाळ्यापर्यंत परतत नाही.