प्रभा आणि रंजू : ‘वाडा चिरेबंदी’तील करुणेची घडण

महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली १९८५ मध्ये रंगभूमीवर आले, आणि तेव्हापासून त्याकडे विदर्भातील एका देशपांडे घराण्याच्या, म्हणजे जमीनदारी संपूनही तिचा डौल न सुटलेल्या घराच्या, पडझडीचे नाटक म्हणून पाहिले गेले. हे वाचन बरोबर असले तरी पुरेसे नाही, कारण या पडझडीची खरी किंमत घरातील प्रभा आणि रंजू, म्हणजे आत्या आणि भाची, मोजतात. यवतमाळ जिल्ह्यातील पारव्यात जन्मलेल्या आणि पुढे नागपुरात इंग्रजीचे अध्यापन केलेल्या या नाटककाराने त्यांच्याविषयीची सहानुभूती ज्या अवघड मार्गाने मिळवली, तो मार्ग बारकाईने पाहण्याजोगा आहे.

मराठी रंगभूमीला सोपा मार्ग परिचित होता. गोविंद बल्लाळ देवल यांच्या १८९९ च्या ‘संगीत शारदा’मध्ये पैशाच्या लोभाने बाप आपली कोवळी मुलगी वृद्ध भुजंगनाथाला देऊ पाहतो, शारदा निष्पाप आहे, अन्याय उघड आहे आणि शेवटी तिची सुटका होत असली तरी प्रेक्षक पहिल्या प्रवेशापासून तिच्या बाजूने असतो. संस्कृत काव्यशास्त्रात ज्याला साधारणीकरण म्हणतात, म्हणजे पात्राचे दुःख त्या एका व्यक्तीचे न राहता पाहणाऱ्या सर्वांचे होणे, ते येथे निरागसतेच्या आधाराने साधते.

एलकुंचवार हा आधारच काढून घेतात. प्रभा कडवट आणि तोंडाने तिखट आहे; वडिलांनी तिला पुढे शिकू दिले नाही आणि अविवाहित अवस्थेत तिचे वय घरातच उलटत गेले, ही हकिगत दीर्घ स्वगतातून न येता त्याच वडिलांच्या, म्हणजे तात्याजींच्या, मृत्यूनंतरचे दिवस, तेराव्याचा खर्च आणि वाटणी यांवरून चाललेल्या कुरबुरींच्या अधूनमधून येते. म्हणूनच ती दागिन्यांतला आपला वाटा मागते तेव्हा ती मागणी प्रथम इतरांच्या हावेसारखीच भासते, आणि मग ध्यानात येते की इतरांना सोने म्हणजे घराण्याची प्रतिष्ठा किंवा पुढची तजवीज असली, तरी प्रभेला ते त्या घरातून बाहेर पडण्याचे एकमेव साधन आहे. आपण तिला उगाच हावरट समजलो, ही प्रेक्षकाच्या मनातली बोच करुणेला जितकी धार देते तितकी कोणत्याही विलापाने आली नसती.

रंजूच्या बाबतीत नाटककाराने याहून मोठा धोका पत्करला आहे. सिनेमाच्या नादात बुडालेली ही मुलगी शिकवणीच्या मास्तराबरोबर घरचे दागिने घेऊन मुंबईला पळून जाते, सुधीरकाका तिला परत आणतो, पण सोने येत नाही आणि त्याबरोबर प्रभेची शेवटची आशाही जाते. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेच्या नायकासाठी ‘हमार्तिया’ ही संज्ञा वापरली होती. दुष्टपणातून नव्हे, तर चुकीच्या समजुतीतून घडलेली आणि अनर्थ ओढवणारी चूक असा तिचा अर्थ. रंजूची चूक नेमकी या जातीची आहे, फक्त तिचे फळ दुसरीच्या पदरात पडते. हे पलायन रंगमंचावर दाखवलेले नाही. दिसते ते घरात उडालेली धावपळ आणि अब्रूची व सोन्याची चिंता, आणि त्या गदारोळात मुलीवर काय गुदरले असेल हा विचार प्रेक्षकालाच करावा लागतो. रंजूने प्रभेचे आयुष्य बुडवले हे खरे असूनही तिचा राग करता येत नाही, कारण दोघींना त्या वाड्यातून सुटायचेच होते. एकीला शिक्षणाच्या वाटेने, दुसरीला पडद्यावर पाहिलेल्या प्रेमाच्या. मृत्यूचा एकही प्रवेश न लिहिता दोन आयुष्ये संपलेली दाखवणारी ही रचना मराठी नाटकातील करुणेचा सर्वांत प्रौढ नमुना आहे.

‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ यांसह होणाऱ्या नाट्यत्रयीचे प्रयोग चंद्रकांत कुलकर्णी यांनी १९९४ मध्ये ‘आविष्कार’तर्फे सलग सादर केले. ही तिन्ही नाटके आज पुस्तकरूपात उपलब्ध असून, ती वाचताना विदर्भातील वाचकाने तरी घराण्याच्या आधी या दोघींकडे पाहावे.