घर घेण्यापूर्वी घर पाहावे

बेगम बाजारातील एक जुने दुमजली घर विकत घेण्याचे आमच्या धाकट्या भगिनीच्या यजमानांनी मनाशी ठरविले, त्याला आता वर्ष होत आले. आमचे हे मेहुणे त्याच गल्लीत लहानाचे मोठे झालेले. त्या घराच्या ओट्यावर त्यांनी गोट्या खेळलेल्या. सेवानिवृत्तीची सारी पुंजी त्या वास्तूत घालावयाची, खाली आपण राहावयाचे आणि वरच्या मजल्यावरील गोदामाच्या भाड्यावर म्हातारपण काढावयाचे, असा त्यांचा हिशेब होता. घर नुकतेच रंगविलेले. दिवाणखान्यात पांढरेशुभ्र छत, खाली चकचकीत फरशी. भगिनी आम्हांला म्हणाली, "दादा, तुम्ही एकदा पाहून हो म्हणा, म्हणजे बयाणा देऊन टाकू."

आम्ही हो म्हणणार कशाच्या बळावर? उभा जन्म व्याकरण आणि वृत्ते शिकविण्यात गेलेला. घर आम्हांला आवडले, एवढेच आम्ही सांगू शकत होतो. 'घर पाहावे बांधून' ही म्हण बांधणाऱ्याचे हाल सांगते. दुसऱ्याने बांधलेले घर घेणाऱ्याविषयी ती मुकी आहे. बांधणाऱ्याला निदान पायात काय घातले हे तरी ठाऊक असते.

आमचा एक जुना विद्यार्थी अभियंता असून इमारतींच्या मजबुतीची तपासणी करणे हाच त्याचा व्यवसाय आहे. त्याला बोलाविले, तेव्हा पहिला प्रश्न त्यानेच केला : "सर, माझे नाव दलालाने तर सुचविले नाही ना?" मग त्याने आपला नियम सांगितला. जो तपासतो त्याने दुरुस्तीचे काम घेऊ नये. नाहीतर प्रत्येक भिंत त्याला पाडण्याजोगी दिसू लागते. गुरूकडून पैसे घेण्यास तो संकोचत होता. आम्ही आग्रहाने त्याचे शुल्क ठरविले. फुकटचा सल्ला कोणी मनावर घेत नाही, हा आमचा शाळेतील अनुभव आहे.

तो आला श्रावणात, रात्रभर पाऊस पडून गेल्यावर, मुद्दाम. कोरड्या दिवसांत सगळीच घरे सज्जन दिसतात. घरात न शिरता तो आधी गल्लीतच उभा राहिला. जुन्या रस्त्यावर नवा थर चढत चढत गल्ली वर येते आणि घराचे जोते खाली जाते. येथे उंबऱ्याबाहेरचा रस्ता आतल्या फरशीहून चार बोटे उंच झाला होता. मग त्याने मुसीच्या पुराची चौकशी केली. निजाम अली खानांच्या पत्नी हमदा बेगम यांनी व्यापाऱ्यांना दिलेल्या जमिनीवर हा बाजार वसला, हे सर्व जाणतात. पण नदी येथून फार दूर नाही आणि २८ सप्टेंबर १९०८ च्या प्रलयात या बाजूच्या वस्त्यांची दैना झाली, हे घर घेताना कोण आठवतो? पुढे उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) झाले व पुराचे भय कमी झाले. पायाखालचे नाले मात्र आहेतच. जवळच्या गोशामहल भागात चाकनावाडी येथे डिसेंबर २०२२ मध्ये नाल्यावरचा रस्ताच खचला आणि वाहने व हातगाड्या आत गेल्या. घराखालून वा शेजारून कोणता नाला जातो, हे विचारणे परीक्षणाचाच भाग आहे, असे तो म्हणाला.

नंतर भिंती. उभ्या केसासारख्या बारीक चिरा त्याने पाहून सोडून दिल्या. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, एका टोकाला रुंद होत गेलेली चीर दिसली, तेथे मात्र तो थांबला. अशी चीर पाया एका बाजूस बसल्याचे लक्षण असू शकते. चीर जुनी की चालती, हे ओळखण्यासाठी तिच्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख घालतात. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे. कमरेइतक्या उंचीपर्यंत भिंतीचा रंग फुगला होता. दगडचुन्याच्या जुन्या भिंतीला कोणी तरी सिमेंटचा गिलावा केला होता. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते. घरधन्याने हे काम 'मजबुतीसाठी' केले, असे अभिमानाने सांगितले. आम्ही गप्प राहिलो.

गच्चीवर दोन काळ्या टाक्या होत्या, प्रत्येकी हजार लिटरच्या. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन! सागवानी तुळया, त्यांवर कड्या आणि वर विटा व चुन्याचा कोबा अशा त्या छतावर दोन टन ओझे मधोमध ठेवले होते. वरच्या मजल्यावर गोदाम. सुक्या मेव्याची पोती माणसाच्या उंचीपर्यंत रचलेली. राहत्या घराच्या मजल्यावर दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो ओझे धरतात. गोदामाला याच्या कितीतरी पट धरावे लागते. ज्या भाड्यावर मेहुण्यांचे म्हातारपण निघावयाचे होते, ते भाडे त्या तुळया भरीत होत्या.

आता खरे स्थळ. दिवाणखान्याचे ते पांढरे छत प्लास्टरचे, मूळ छताखाली टांगलेले होते. विद्यार्थ्याने त्यातील एक चौकोन काढण्याची परवानगी मागितली. घरधन्याच्या कपाळाला आठी पडली. "न पाहता लिहायचे असेल, तर 'पाहू दिले नाही' एवढेच लिहीन," असे तो नम्रपणे म्हणाला, तेव्हा शिडी आली. वरच्या मजल्यावरची मोरी नेमकी त्या जागी होती. तुळईचे टोक भिंतीत जेथे शिरते, तेथे त्याने पेचकस टेकविला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेरून अखंड दिसणारे सागवान आतून भुसा झाले होते. मेहुणे खाली बसले. ज्या आरामखुर्चीची जागा त्यांनी मनात नक्की केली होती, ती त्या तुळईच्या बरोबर खाली होती.

उरलेले लवकर आटोपले. विजेच्या जुन्या तारांवर नवी वातानुकूलन यंत्रे जोडलेली, अर्थिंग नावापुरते. पिण्याच्या पाण्याची नळी मैल्याच्या नळीला खेटून गेलेली. जिना एकच, दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने मागे फिरावे असा. १८ मे २०२५ रोजी चारमिनारजवळ गुलजार हौज येथे अशाच दाटीतील इमारतीला आग लागली व लहान मुलांसह सतरा जण गेले. विद्यार्थ्याने जिन्याची रुंदी मोजून लिहून घेतली. मालकी हक्काचे जुने उर्दू कागद आम्ही पुढे केले, तेव्हा त्याने हात जोडले. ते काम वकिलाचे.

आठ दिवसांनी लेखी अहवाल आला. आज जिवाला धोका आहे ते पहिल्या पानावर. वर्षभरात करावयाचे ते त्यानंतर. नुसत्या डोळ्यांना खुपणारे शेवटी. प्रत्येक दोषाचे छायाचित्र. आणि एका स्वतंत्र पानावर, जे पाहता आले नाही ते : पाया, बंद खोली, शेजाऱ्याशी सामाईक असलेली भिंत. आम्हांला हे पान सर्वांत अधिक मोलाचे वाटले. उत्तरपत्रिकेत न सोडविलेले प्रश्न असे प्रामाणिकपणे मांडणारा विद्यार्थी आम्ही क्वचितच पाहिला आहे.

अहवालाची एक प्रत भगिनीने स्वतः घरधन्याला नेऊन दिली. मेहुण्यांना ते रुचले नव्हते. सौदा मोडेल, असे त्यांचे म्हणणे. ती म्हणाली, "अहो, आपण घेऊ न घेऊ, त्यांची नातवंडे तर आजही त्याच छताखाली निजतात." घरधनी प्रथम रागावले. तिसऱ्या दिवशी दिवाणखान्यात लोखंडी टेकू लागले आणि पोती हलविण्यास आरंभ झाला. किमतीविषयी दसऱ्यानंतर पुन्हा बोलणे व्हावयाचे आहे.