सेल्फ जड, इंजिन बंद : जुन्या गाडीचं निदान आणि कार्यकारणभाव

तत्त्वज्ञानाच्या माणसानं कार्बोरेटरवर बोलायचं म्हणजे आपल्यापैकी काहींना गंमत वाटली असेल. पण गेल्या वेळी कार्यकारणभावावर बोललो तेव्हा पुढच्या रांगेतून एक रास्त तक्रार आली, की ‘सर, धूर आणि अग्नी किती दिवस चालवायचा? रोजच्या व्यवहारातलं उदाहरण द्या.’ म्हणून आज प्रीमियर पद्मिनी घेतो.

ही गाडी आपल्या परिचयाची आहे. मुळात फियाट ११००, मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर कंपनीत तयार व्हायची, सत्तरच्या दशकात तिला पद्मिनी नाव मिळालं. १०८९ सीसीचं इंजिन, कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट, हातानं ओढायचा चोक. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या पट्ट्यात मात्र कुणाच्या तरी शेडमध्ये एखादी अजून उभी असते, आणि कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० तर अजून पळताहेत. पुढे जे सांगतो ते दोन्हींना लागू आहे.

तक्रार अशी : सकाळी सेल्फ मारला की इंजिन जड फिरतं, ‘घ्यां... घ्यां...’ करतं. कसंबसं सुरू होतं. मग सिग्नलला किंवा चौकात स्लोवर आलं की बंद पडतं. परत सेल्फ. तो आता आणखी जड. मालक बॅटरी बदलतो. चार दिवस बरं, पाचव्या दिवशी तेच. मग सेल्फ मोटर उघडली जाते, मग कार्बोरेटर ‘ओव्हरहॉल’. दहा-पंधरा हजार खर्च होतात आणि शेवटी घरातले म्हणतात, भंगारात द्या. यातल्या कितीतरी गाड्या भंगारात जाण्यासारख्या नसतात. कारण गाडीत कमी आणि विचाराच्या पद्धतीत जास्त असतं.

पहिला प्रश्न हा, की इथं दोष एक आहे की दोन? सेल्फ जड असणं आणि इंजिन बंद पडणं हे वेगळे आजार असू शकतात. पण एक दुसऱ्याला जन्मही देऊ शकतो, आणि तोही दोन्ही दिशांनी. सेल्फ मोटर शंभर-दीडशे अँपिअर खेचते, व्होल्टेज खाली येतं, तेच खालावलेलं व्होल्टेज इग्निशन कॉइलला मिळतं, ठिणगी दुबळी पडते. सुरू होईना म्हणून आपण चोक जास्त ओढतो, प्लग पेट्रोलनं ओले होतात, इंजिन धडपडतं आणि बंद पडतं. उलट, स्लो बिघडल्यामुळे गाडी दहा वेळा बंद पडली तर दहा वेळा सेल्फ मारून बॅटरी उतरते आणि सेल्फ जड होतो. लक्षणं तीच, क्रम उलटा. म्हणून आधी इतिहास विचारायचा : पहिल्यांदा काय सुरू झालं?

आता सेल्फ. साधी परीक्षा म्हणजे हेडलाइट लावून सेल्फ मारणं. दिवे तेजस्वी राहिले आणि सेल्फ जड फिरला, तर बॅटरीत जीव आहे, वीज वाटेत अडते आहे. दिवे एकदम मंदावले तर? इथं बहुतेक जण ‘बॅटरी गेली’ म्हणून मोकळे होतात. तो निष्कर्ष निघत नाही. बॅटरी कमकुवत असेल तरी दिवे मंदावतील, आणि सेल्फ मोटर आतून घासत असेल, म्हणजे बुश झिजून आर्मेचर टेकत असेल, तर ती प्रमाणाबाहेर करंट खेचेल आणि चांगल्या बॅटरीवरचे दिवेसुद्धा मंदावतील. एका कार्याची दोन कारणं संभवतात तेव्हा कार्यावरून एकच कारण पक्कं करता येत नाही. आमच्या न्यायशास्त्रात याला हेतू व्यभिचारी असणं म्हणतात. मेकॅनिक याला ‘बॅटरी टाकून बघू’ म्हणतो, आणि ते बघणं आपल्या खर्चानं असतं.

म्हणून मल्टिमीटर घ्या, फार महाग नसतो. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीवर १२.६ च्या आसपास व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन सुरू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. नाही दिसले तर चार्जिंग होत नाही, आणि नवी बॅटरी ‘चार दिवस बरी’ का चालते याचं उत्तर तिथंच मिळालं.

बॅटरी ठीक निघाली तर पुढची परीक्षा माझ्या आवडीची आहे, कारण ती फार थोडे जण करतात. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. डिस्ट्रिब्युटरची मधली वायर काढून तिचं टोक इंजिनच्या धातूला टेकवून ठेवा, म्हणजे गाडी सुरू होणार नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नव्हे, खुद्द शिशाच्या खांबावर. दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. तसंच पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या बोल्टपर्यंत, तिथं अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल. गणित शाळेतलंच आहे, ओहमचा नियम. दीडशे अँपिअर गुणिले ०.०२ ओहम म्हणजे ३ व्होल्ट. केवळ ०.०२ ओहमचा गंज! डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही. आपल्या भागातला पावसाळा, त्यात आजरा-आंबोलीकडचा, टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरायला त्याला फार दिवस लागत नाहीत. टर्मिनल आणि बॉडीकडची अर्थ पट्टी काढून, पॉलिश पेपरनं घासून, घट्ट आवळायची. खर्च शून्य.

आणखी एक खूण सांगतो. दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर चोकची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागते का बघा. लागली तर इंजिनची अर्थ पट्टी तुटली आहे, आणि दीडशे अँपिअरचा प्रवाह बिचाऱ्या केबलमधून वाट काढतो आहे.

गाडी थंड असताना सेल्फ छान आणि तापल्यावर जड, असं असेल तर तीच मधली वायर काढून परत फिरवा. आता मोकळं फिरलं तर मोटर निर्दोष, टायमिंग पुढं सरकलेलं आहे. स्फोट वेळेआधी होऊन पिस्टनला उलटं ढकलतोय.

आता बंद पडण्याकडे येऊ. गाडी बंद पडली की लगेच, तिथंच, दोन गोष्टी तपासायच्या. एअर क्लीनर काढून, इंजिन बंद ठेवून, अ‍ॅक्सिलरेटरची कडी हलवा. कार्बोरेटरच्या घशात पेट्रोलची पिचकारी उडते का? आणि प्लगला ठिणगी येते का? ठिणगी बघताना प्लग कार्बोरेटरपासून लांब धरा, पेट्रोलची वाफ दिसत नसते. पिचकारी नसेल तर एसी पंप, फिल्टर किंवा टाकी. टाकीचं झाकण उघडताना ‘फुस्स’ आवाज आला तर हवेचं भोक बुजलं आहे. ठिणगी नसेल किंवा पिवळी, मरतुकडी असेल तर पॉइंट, कंडेन्सर, कॉइल. दोन्ही असूनही फक्त स्लोवर बंद पडत असेल तर चोक किंचित ओढून बघा. त्यानं स्लो टिकला तर मिश्रण पातळ आहे : स्लोचा जेट बुजला, नाहीतर कार्बोरेटरखालच्या पॅकिंगमधून हवा शिरते. चोकनं उलट बिघडलं, काळा धूर आला, तर पेट्रोल जास्त जातंय, फ्लोटची सुई बघा.

इथं ‘उपाधी’ ही संकल्पना कामाला येते. जुने नैयायिक म्हणायचे, धूर आहे तिथं अग्नी आहे हे खरं, पण अग्नी आहे तिथं धूर असेलच असं नाही, त्याला ओलं सरपण लागतं. ते ओलं सरपण म्हणजे उपाधी, नजरेआड राहिलेली अट. दाणोली सोडून आंबोली घाट चढताना गाडी बंद पडते. ड्रायव्हर एसी पंपावर ओलं फडकं टाकतो, चहा पिऊन येतो, गाडी सुरू होते. निष्कर्ष : पंपात वाफ धरली होती, फडक्यानं गेली. पण वीस मिनिटांत कॉइलही थंड झाली ना! तापल्यावर बिघडणारी कॉइल किंवा कंडेन्सर असेल तरी नेमकं हेच घडेल. फडकं आणि वेळ या दोन गोष्टी एकत्र बदलल्या. जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३ मध्ये जी व्यतिरेकाची पद्धत मांडली तिची अट हीच, की एकच गोष्ट बदलावी, बाकी सगळं तसंच ठेवावं. म्हणजे बंद पडल्या क्षणी आधी ठिणगी आणि पिचकारी बघायची, मग फडकं. थांबलात तर पुरावा थंड होतो.

आणि तापलेल्या गाडीत दोन परस्परविरुद्ध रोग सारखेच दिसतात. वाफ धरली तर पेट्रोल पोचतच नाही. उलट, गाडी उभी केल्यावर कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून आत ठिबकलं तर ते जास्त होतं. दुसऱ्यात अ‍ॅक्सिलरेटर पंपासारखा मारायचा नाही, पूर्ण दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा.

व्याख्यानानंतर दोन प्रश्न आले, ते इथंच घेतो.

एक गृहस्थ म्हणाले, ‘हे सगळं इथेनॉलमुळे होतं म्हणतात. खरं का?’ आपण उसाच्या तालुक्यात राहतो, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर इथं जपून द्यावं लागतं! पेट्रोलला जळायला वजनानं साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. म्हणजे वीस टक्के इथेनॉल घातलं की जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं, आणि आधीच काठावर असलेला स्लो कोलमडतो. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा मऊ करतं, टाकीतली साचलेली घाण सुटी करून फिल्टरपर्यंत आणतं. तेव्हा बंद पडण्याशी त्याचा संबंध असू शकतो. सेल्फ जड होण्याशी थेट काही नाही. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसवा, फिल्टर लवकर बदला, गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका.

दुसरा प्रश्न एका ताईंचा : ‘आमचे मिस्त्री कार्बोरेटरच्या तोंडात बाटलीनं पेट्रोल ओततात, चालेल का?’ नाही, ताई. इंजिननं उलटा भडका मारला तर बाटली हातात पेटते. तसंच दुसऱ्या गाडीवरून केबल जोडताना शेवटची काळी चिमटी बॅटरीला न लावता लांब, इंजिनच्या धातूला लावा. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, आणि जोडताना ठिणगी त्या शेवटच्या चिमटीला उडते.