करघ्याची जळालेली मोटर : तार उपसण्याआधी मोजून घ्या

मोटर जळाली की करघा थांबतो आणि करघा थांबला की घरखर्च अडतो. मोमिनपुऱ्यातील किंवा कामठीतील कारखानदार बंधूंना हे सांगायला नको. १८७७ साली जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली तेव्हा वाफेच्या इंजिनावर शाफ्ट आणि पट्ट्यांनी खातेच्या खाते फिरत असे. आपल्या करघ्याला मात्र स्वतंत्र मोटर असते. तिचे दुखणे आपणच ओळखले पाहिजे.

आम्ही कापडाचे व्यापारी, विजेचे इंजिनिअर नव्हे. पण आमच्या एका करघ्याची एक हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटर एकाच उन्हाळ्यात दोनदा जळाली. मिस्त्रीने वाइंडिंग भरून दिले आणि आठ दिवसांत पुन्हा धूर निघाला. मिस्त्रीला बरेच बोलून घेतले. मग मेन स्विच बंद करून, मोटर उतरवून घरीच उघडली. पाहतो तो कॉइलचे दोन गट कोळशासारखे काळे आणि तिसरा गट नव्यासारखा चकचकीत! स्टार जोडणीच्या मोटरमध्ये ही सिंगल फेजिंगची खूण असते. एक फेज तुटला की उरलेल्या दोन फेजच्या कॉइल सगळा भार ओढतात आणि जळतात. आमच्या किटकॅटमधील एक तार सैल होती. मिस्त्री बिचारा निर्दोष ठरला. तिन्ही गट सारखेच काळे असतील तर बेअरिंग जाम, जास्त भार, किंवा मोटरवर साचलेली रुई ही कारणे पाहावीत. मोटरचा हिशेब साधारण ४० अंश हवेचा धरलेला असतो. आपला मे महिना ४५ च्या पुढे जातो. त्यात रुईचा थर बसला तर ती गुदमरणारच.

घरी वाइंडिंग करणाऱ्यांची मोठी चूक म्हणजे जुनी तार घाईने उपसून भंगारात टाकणे. आधी कागदावर लिहा : खाचा किती, एक कॉइल कोणत्या खाचेतून कोणत्या खाचेत जाते, जोडणी कशी, तारेचा गेज काय. वेढे एका कॉइलचे मोजून भागत नाही, तीन कॉइलचे मोजा. वेढे कमी भरले तर मोटर रिकामी चालतानाही जास्त करंट खाते आणि तापते. जास्त भरले तर करघा उचलत नाही.

गेजचा हिशेब आपल्याला सुताच्या काउंटवरून समजेल. काउंट वाढला की सूत बारीक, तसाच गेज वाढला की तार बारीक. २२ नंबरच्या जागी २३ नंबर भरला तर तांबे जवळपास चौथा हिस्सा कमी होते. एक नंबरने काय बिघडते, असे म्हणणाऱ्याकडून मोटर भरून घेऊ नये. २२ मिळालीच नाही तर २५ नंबरच्या दोन तारा जोडीने भराव्यात, हिशेब जुळतो. तांब्याच्या जागी ॲल्युमिनियमची तार मात्र नको. तितक्याच कामाला तिचे छेदक्षेत्र दीडपटीहून जास्त लागते आणि खाचेत तेवढी जागा नसते. शंका आली तर तारेवरचे इनॅमल खरवडून रंग पाहावा.

जुनी तार काढण्यासाठी स्टेटर आगीत टाकू नका. त्याच्या पातळ पत्र्यांमध्ये इन्सुलेशनचा थर असतो. तो जळला की पत्रे एकमेकांना भिडतात आणि पुढे लोखंडच तापू लागते. एका बाजूचे वेढे छिन्नीने कापून दुसऱ्या बाजूने ओढून काढावेत. वेळ लागतो, पण स्टेटर वाचतो.

खाचा साफ करून नवा कागद घाला, लाकडी फर्म्यावर कॉइल गुंडाळा आणि भरल्यावर वरून बांबूची खपची ठोका. वार्निश पाजल्यावर स्टेटर पूर्ण वाळू द्यावा. ओल्या वार्निशवर मोटर लावण्याची घाई अनेकांना भोवली आहे. नंतर ५०० व्होल्टच्या मेगरने बॉडीशी तपासणी करावी. एक मेगओहमहून कमी दाखवले तर वीज जोडू नये. मेगर घरी नसतो, आणि पहिली जोडणीही जाणत्या वायरमनच्याच हाताने व्हावी. येथे चुकीला माफी नाही.

चालू केल्यावर तिन्ही तारांतला करंट क्लॅम्प मीटरने पाहावा, तो जवळपास सारखा हवा. एक हॉर्सपॉवरला पूर्ण भारावर तो सुमारे दोन अँपिअर असतो. स्टार्टरचा ओव्हरलोड रिले मोटरच्या पाटीवरील आकड्यावरच ठेवावा. आमचा रिले कुणीतरी पिळून थेट शेवटच्या खुणेवर नेऊन ठेवला होता.